पंधराचा फ्यूज

लाईट पावणेदोनला गेली.
नायना आधीच जागे होते.
चाळीस वर्षं मागावर,
कारखान्यातला कापूस त्यांनी
थोडा थोडा करून छातीतून घरी आणला,
गेटवर कुणी झडती घेतली नाही.

वाफेचं मशीन घरात मुकं पडलं,
म्हणून ओम्नीत.
मागे टॉवेलांचे गठ्ठे, पुढे नायना, मांडीवर मशीन,
लायटरच्या भोकात इन्व्हर्टर,
बाराचे दोनशे तीस करणारा
गरम, गुणगुणता डबा.
इंजिन सुरू, काचा खाली.
विडी घरकुलची कुत्री भुंकून दमली.

पाच-सहा श्वास. मग टक्.
दिवा विझला,
मशीनची घरघर थांबली
आणि तिच्याखालची, नायनांची, ऐकू आली.

मोबाईल दातात धरून स्टिअरिंगखाली शिरलो.
पंधराचा फ्यूज, आतली तार काळी.
स्पेअर नाही.
शेजारी वायपरचा होता, तोही पंधराच.
एप्रिलात सोलापुरात
वायपर कशाला लागतोय कुणाला?
उपटला, बसवला.

साडेतीनला नायना मास्कमधून म्हणाले, चालु.
आमच्या घरी या शब्दाची पंचाईत आहे.
तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
मराठीत, सुरू.
किल्लीवर हात ठेवून मी
त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

सकाळी अक्कलकोट रोडला रियाज नदाफ.
डॅशबोर्ड उघडून त्यानं बोटानं दाखवली
पत्र्याला घासून सोललेली वायर.
"इंजिन थरथरलं की टेकूलालीय बे,
थांबलं की साधी होऊन बसूलालीय."
म्हटलं, टेप गुंडाळ, आणि फ्यूज तीसचा टाक,
रात्री परत उडायला नको.
"टाकतो की. फ्यूज वाचेल, गाडी जळेल.
काय वाचवायचंय, ते आधी ठरव."

नायना सीटवरूनच बोलले,
बाण्याचा धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा.
त्यासाठी एक काटा असायचा.
शेठ म्हणायचा, काटा बांधून टाका,
थांबण्यात मीटर जातात.

"बांधला?" नदाफनं विचारलं.

सगळ्यांनीच.

पंधराचाच ठेवला, तोच, वायपरचा.
दीडशे रुपये झाले.
वायपरची जागा अजून रिकामी आहे.
जूनपर्यंत बघू.