ऐनवेळचे विषय

वडगावात आमच्या शेडात बारा माग.
बारा मागांत कान नावाची वस्तू
पहिल्याच वर्षी संपती.
मग माणूस ओठ वाचतो.
चौथ्या मागावरनं गंगव्वा नुसते ओठ हलवती:
मीठ संपलंय. पोरगी नापास झाली.
मालक आला, पदर नीट कर.
मला सगळं ऐकू येतंय.
सतरा वर्षं अशीच बोललो,
ती कन्नड, मी मराठी, मधी खटखट.

सोसायटीच्या सभेचा कागद येतो
त्यावर शेवटची ओळ असती,
"ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने."
त्या ओळीला लोक चपला शोधायला लागतात,
कारण पुढं शिरा.
यंदा बायका म्हणाल्या, तू विचार की.
दर महिन्याला पगारातनं तेरा रुपये कापतात, कल्याण निधी.
कुणाचं कल्याण, एवढंच विचार.
मीच का? तर म्हणे तुझा आवाज मोठा.
मागापुढं कुणाचा बारीक असतोय?

कॉलेजला जाणाऱ्या पोरीनं ताबा घेतला.
आरशापुढं उभी केली. श्वास पोटातनं घे.
भिंतीवरचा एक खिळा धर, त्याच्याशी बोल.
आणि आई, "मी बोलतो" नाही म्हणायचं,
बाईनं "मी बोलते" म्हणायचं.
पुस्तकात तसं आहे.

आठ दिवस मी बोलते, मी विचारते, मी येते,
ते "ते" दातात सुपारीगत अडकायचं.
भाकरी थापताना बोलते.
नळावर बोलते, बादली भरून वाहून गेली.
मागावर तर गळा काढून अख्खं भाषण केलं,
तीनदा.
कुणी वळून बघितलं नाही.
लय बरं वाटलं.

रविवारी मंगल कार्यालय.
खुर्च्यांवर मागच्या लग्नातल्या अक्षता.
"ऐनवेळचे," म्हणाले अध्यक्ष,
आणि चपला वाजल्या.
मी उठलो.
माईक पुरुषाच्या उंचीचा,
खाली करायला कुणी आलं नाही.
टाचा उचलल्या.

भीती माणसांची नव्हती, खरं सांगतो.
माणसं लय बघितल्यात.
सतरा वर्षं जिच्याखाली काढली
ती खटखट कुणीतरी एकदम बंद केली होती,
आणि माझाच श्वास
भोंग्यातनं मोठा होऊन माझ्याकडं येत होता.
पाठ केलेलं पहिलं वाक्य गेलं.
भिंतीवर खिळा नव्हता.
भिंतच लांब होती.

शेवटच्या रांगेत गंगव्वा.
तिचे ओठ हलले: हेदरबेड.
मग: हदिमूरु.
तेरा.

"तेरा रुपये," मी म्हणालो.
भोंगाही म्हणाला तेरा रुपये,
आणि चपलेसाठी वाकलेला एक म्हातारा
वाकलेलाच थांबला.
"अध्यक्ष साहेब, मी विचारतो."
पुढच्या रांगेत पोरीनं डोळे मिटले.
"एकशे चाळीस माणसं. नऊ वर्षं.
एक लाख शहाण्णव हजार पाचशे साठ.
कुठं हाय, ते विचारतो."

पाय लटपटत होते.
लुगड्यातले लटपटते पाय कुणाला दिसत नाहीत,
एवढं मात्र
आरशानं शिकवलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, नोंद घेतो.
नेमकी सचिवांच्या पेनातली शाई संपली.
एकानं पेन पुढं केलं.
मग आणखी एकानं.
मग मधल्या रांगेतनं चार हात, चार पेनं.
मग शिरा.

घरी येताना पोरगी म्हणाली,
विचारतो म्हणालीस. सहा वेळा.
मोजत होतीस व्हय गं?
हो, म्हणाली. पहिल्या तिनाला लाज वाटली.
पुढं काही बोलली नाही,
माझ्या हातातली पिशवी घेतली.

सोमवारी माग सुरू.
चौथ्या मागावरनं गंगव्वा: घसा?
मी: बसलाय.
ती: हिशोब?
मी धोटा बदलला.