खळं

सहा टिकल्या. सहा औषधं.
रात्रभर सदतीस अंशांच्या उबेत ठेवलेली थाळी
मी सकाळी खिडकीशी धरते,
खाली मत्क्वारी गढूळ वाहत असते, पलीकडे तिबिलिसीचे उतार,
आणि एकाही टिकलीला खळं पडलेलं नसतं.

औषध लागू पडलं की टिकलीभोवती
जंतू मरतात, वर्तुळ मोकळं होतं,
चंद्राला पडतं तसं.
ते आम्ही पट्टीनं मोजतो.
आज पट्टी खिशातच राहिली.
पिवळट साय थेट काठापर्यंत आलीय,
एका टिकलीवर तर चढून बसलीय.

खाट नऊ. ओतार, वय एकाहत्तर.
काखेतीत अक्रोड झोडताना फांदी मोडली, मग खुबा.
येताना त्यानं आणली एक लोकरी टोपी,
सुनेनं फडक्यात बांधलेली चीजची रोटी,
आणि हिरव्या सालीनं काळेभोर झालेले दोन हात,
जे आमच्या कुठल्याच साबणानं निघाले नाहीत.
हा जंतू त्या सामानात नव्हता.

तो इथला. नवव्या खाटेशेजारच्या बेसिनचा,
जाळीखालच्या बुळबुळीत अंधारातला.
किती वर्षं आम्ही तिथंच ओतलं
सलाइनचं उरलंसुरलं, सिरिंजमधले शेवटचे थेंब.
तेच त्याचं बाळकडू.
आणि तिथंच आम्ही हात धुतो,
नियमानुसार, वीस सेकंद.

नानुली दोनदा निवृत्त झाली, दोनदा परत आली.
बाटलीला सुतळी बांधून ती पुलाखाली जाते,
इस्पितळाचं गटार नदीला मिळतं तिथे.
या जंतूला खाणारं काहीतरी
याच घाणीत असणार, म्हणते,
काट्यानं काटा, पोरी, पण काटा आधी सापडायला हवा.
अकरा बाटल्या झाल्या. अकरा थाळ्या.
सगळ्यांवर साय तशीच, अखंड.

त्सिआला व्हरांड्यात उभी असते.
बाबा झाडावरून पडले ना? मग हा ताप कुठून आला?
डॉक्टर म्हणाले, वय.
दुसरे म्हणाले, अशक्तपणा.
माझ्याकडे तिनं विचारायचं म्हणून विचारलं नव्हतं,
नुसतं बघितलं, हातात अक्रोडांची पिशवी,
आम्हा सगळ्यांसाठी आणलेली.

मी म्हटलं, नळाशी. आमच्या.
मग आणखी काही बोलायचं होतं, ते बोलता आलं नाही.

ती रडली नाही. ओरडलीही नाही.
पिशवी तिनं परत घेतली नाही,
आणि पुढेही केली नाही.
मधेच, खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि आत गेली.

आता बेसिनवर चिकटपट्टीची फुली आहे, वापरू नये.
कुणीतरी तिथं टॉवेल वाळत घातलाय.
ओतार झोपेत बोटं हलवतो,
काहीतरी सोलत असल्यासारखी.

बारावी बाटली काल संध्याकाळी आली.
नानुलीनं गाळली, एक थेंब टाकला, झाकण लावलं,
तारीख लिहिताना महिना चुकला, खोडून पुन्हा लिहिला.
अठरा तास लागतात.
तेरा झालेत.
थाळी उघडून बघायची नसते मधेच,
हे मीच नव्या मुलींना शिकवते,
आणि दोनदा जाऊन आले, दाराला हात लावून.

पिशवी मी आत आणून ठेवलीय.
एकही फोडलेला नाही.