पाव गोळी

रामबागेच्या संजीवनी क्लिनिकात
पिशवी पालथी केली टेबलावर:
नुसत्या रिकाम्या पट्ट्या.
"पंधरा दिवसांपुरत्या, झोप लागेल,"
हे गेले तेव्हा दिलेल्या.
अकरा वर्षं झाली.

डॉक्टरीण नातीएवढी. वाटलं, ओरडेल.
तिनं विचारलं, "काकू, पडलात कधी?"
तीनदा.
सुनेला सांगत आले, फरशी ओली होती.

"एकदम नाही हं सोडायची. आधी पाव कमी.
पंधरवड्यानं या."

रात्री ह्यांचा अडकित्ता काढला.
गोळी कातरताना पावाचा भुगा झाला,
तो बोटानं टिपून खाल्लाच मी.
हेही सांगायचंय तिला.

कचरागाडीचं गाणं आलं तेव्हा जागीच होते.
पट्ट्या पाहून पोरगा म्हणाला,
"अम्मा, दवाई अलग डब्बे में."
म्हटलं, थांब रे,
अजून पाऊण उरलीय.