कसर

हेर्मिनिया ओयार्सूनने जानेवारीत गट काढला
तेव्हा वाल्दिव्हियात विणकामाचे गट होते चार,
नदीत वल्हवणाऱ्यांचे दोन,
एक तर फक्त जुळ्यांच्या आयांचा.
पतंगांचा एकही नव्हता.
तिने लिहिलं :
"गुरुवारी रात्री नऊ. माझ्या मागच्या अंगणात.
दिवा माझा, चादर माझी. स्वेटर तुमचा तुम्ही आणा."
एकतीस वर्षं टपालात पत्रं निवडलेली बाई,
पत्ता मात्र फार सुबक लिहिला होता.

साइट म्हणाली, अभिनंदन!
आणि खाली, बारीक अक्षरांत,
महिन्याअखेर तीन सदस्य नसतील
तर गट आपोआप मिटेल.

पहिल्या गुरुवारी पतंग आले.
दुसऱ्या गुरुवारी पतंग आले, आणि शेजारचं मांजर.
तिसऱ्या गुरुवारी पाऊस.
चौथ्या बुधवारी यानिरा वेंचुमान नावाच्या कुणीतरी
"येतेय" वर बोट ठेवलं.
म्हणजे दोन झाल्या. एकाची कसर.

तेव्हा हेर्मिनियाने, चहा गार होऊ देत,
नवऱ्याच्या नावाने खातं उघडलं.
अल्सिदेस. वय, होतं तेवढंच ठेवलं.
आवडी विचारल्या तर साइटनेच यादी पुढे धरली :
गिर्यारोहण, योगासनं, नवउद्योग, साल्सा.
ती बराच वेळ खाली खाली सरकत राहिली.
शेवटी "इतर".

यानिरा आली ती दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतच.
खुर्च्या मोजल्या. तीन.
"डॉन अल्सिदेस यायचेत ना?"
"त्याला उशीर होईल," हेर्मिनिया म्हणाली.
यानिरा रात्रपाळीची नर्स आहे,
असा आवाज तिच्या ओळखीचा.
तिने दिव्याची वायर सरळ केली
आणि तिसऱ्या खुर्चीवर पर्ससुद्धा ठेवली नाही.

मी आलो मार्चमध्ये, चुकून.
आमच्या स्पॅनिशमध्ये
लोकर खाणारी कसर आणि दिव्यावर झेपावणारा पतंग
दोघांना एकच शब्द.
पिशवीत वडलांचा पोंचो घेऊन गेलो होतो,
भोकं पडलेला, म्हटलं काही औषध सांगतील.
हेर्मिनियाने एका भोकातून बोट आरपार घातलं,
हसली,
पोंचो माझ्याच खांद्यांवर टाकला आणि म्हणाली,
"गप्प बसा आता. येतील."

आले.
आधी पिठासारखे बारीक,
मग राखाडी, मग एक, वाळक्या पानाची नक्कल करणारा,
इतकी हुबेहूब की शिरासुद्धा चुकवल्या नव्हत्या.
कपडे वाळवायच्या दोरीवर ती चादर,
डबल बेडची,
एका अंगाला जास्त विरलेली.
पतंगांना बाजू कळत नाही.
ते सगळीकडे बसले.

आता आम्ही अकरा आहोत.
यादीत बारा.
मीटरची रीडिंग घेणारा बेनिग्नो आहे,
दोन विद्यार्थिनी आहेत, ज्या सगळं मोजतात,
पंखांवरचे ठिपके, आमची बिस्किटं,
पण खुर्च्या नाही मोजत.
गट चालवणाऱ्याला म्हणे निष्क्रिय सदस्य काढता येतात.
हे बेनिग्नोने एकदा सांगितलं
आणि यानिराने त्याच्या हातात थर्मास दिला.

काल ऐन रंगात एप्रनच्या खिशात फोन थरथरला.
हेर्मिनियाने चष्मा कपाळावर ढकलून वाचलं,
मी शेजारी होतो, मलाही दिसलं :
"अल्सिदेस, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत!
अजून रस आहे का?"
खाली दोन चौकोन.

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.
बेनिग्नो एकदम बल्बच्या वॉटविषयी फार बोलू लागला.
तिने बोट उचललं,
तेवढ्यात उजेडाला भुलून एक लहानगा तपकिरी
तिच्या फोनवरच येऊन बसला,
पंख पसरून, दोन्ही चौकोन झाकून.

तिने त्याला हाकललं नाही.
फोन तसाच तळहातावर धरून राहिली,
आणि काच विझायला लागली की
अंगठ्याने कडेला हळूच स्पर्श करायची,
पुन्हा उजळावी म्हणून.