धुण्याची सूचना

दाजी पेठेत आमचे चार माग.
नायनांच्या मते धंदा म्हणजे
सूत आलं, चादर झाली, व्यापारी आला, गठ्ठा गेला.
गठ्ठा पुढे कुठे गेला हे विचारायचं नसतं,
लेकीला सासरी काय खायला घालतात
हे विचारत नाहीत तसं.

कॉलेजातून मी एक शब्द घरी आणला : ग्राहक.
नायना म्हणाले, तो तर चाटी गल्लीत गादीवर बसतो,
नाव इरेशशेठ, उधारी नव्वद दिवसांची.
म्हटलं, तो नाही.
जो रात्री पांघरतो, तो.
त्याला आमच्या घरात
आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर
आठ बाय आठचा गाळा घेतला.
शेजारी पाळणा, मागे भाग्यश्री भेळ,
समोर भोंग्यावर ‘शंभरला दोन, शंभरला दोन’.
मी वही घेऊन बसले.
‘चादर घ्या’ म्हणायच्या आधी विचारायचे,
घरी कोण पांघरतं?
नायना लाजून पाळण्याकडे बघत उभे.

लोक आधी बिचकले.
पण पांघरुणाचा विषय निघाला की
माणूस थांबत नाही.
लग्नाचा बस्ता बांधणारे म्हणाले, जड द्या,
हातात घेतल्यावर आहेर वाटला पाहिजे.
हॉस्टेलचा पोरगा म्हणाला, ट्रंकेत मावत नाही.
आणि बार्शीची एक बाई, मनगटाला पट्टा,
म्हणाली, तुमची चादर मरत नाही हेच तिचं दुखणं.
भिजली की म्हशीएवढी होते.
पिळणार कोण? पोरं पुण्याला.

पुस्तकात याला बाजाराचे विभाग म्हणतात.
परीक्षेत मी तसंच लिहिलं, सात गुण मिळाले.
वहीत मात्र मनगट काढलं होतं, पेन्सिलीनं, पट्ट्यासकट.

हलकी चादर? नायना उखडले.
सूत कमी करणं म्हणजे चोरी.
म्हटलं, वजन लपवलं तर चोरी.
आपण छापू.
मग किंमत. त्यांनी सूत धरलं, मजुरी धरली,
वीजबिल धरलं, वर चार रुपये.
मी म्हटलं, ती बाई धुणाऱ्या मावशीला
चादरीमागे तीस रुपये मोजते.
नायनांनी पेन्सिल कानावर ठेवली.
हा तीसचा आकडा
तीस वर्षांच्या हिशेबात कुठेच नव्हता.

खरं भांडण चिठ्ठीवरून झालं.
मी लिहिलं : पहिल्या धुण्यात लाल रंग थोडा जाईल. वेगळी धुवा.
स्वतःच्या पोरीची खोड
पत्रिकेत लिहितं का कुणी?
अम्मा आतून तेलुगूत काहीतरी म्हणाली,
त्यात ‘पिच्ची’ एवढंच कळलं,
आणि ते कुणाला उद्देशून, ते नाही.
इरेशशेठनं चिठ्ठी दोन बोटांत धरून वाचली, हसला,
जाहिरातीत गुण सांगतात गं, म्हणाला,
आणि गठ्ठा परत पाठवला.

पन्नास विणल्या होत्या.
एकोणीस अजून माळ्यावर आहेत.
त्यातली एक मीच पांघरते,
आणि खरं सांगायचं तर पहाटे पाय गार पडतात.
हे वहीत लिहिलंय. चिठ्ठीवर अजून नाही.

चैत्रात फोन आला, बार्शीहून.
कौतुक वगैरे काही नाही.
रंग गेला, म्हणाली, लिहिला होता तेवढाच.
अजून दोन पाठवा, एक जावेला.
आणि एका बाजूची कड उसवते, तिकडे बघा.

मी फोन नायनांकडे दिला.
त्यांनी हात धोतराला पुसून घेतला,
जणू पलीकडून कुणी हात पुढे केला होता.
कुठली कड, विचारलं.
उभी की आडवी.
मग बराच वेळ गप्प.
लाईट गेलेली, चारी माग थांबलेले,
गल्लीत कुणीतरी बादली ओढत होतं.

मग आवाज खाली आणून म्हणाले,
बाई, एक विचारू?
रात्री थंडी तर वाजत नाही ना?