कोअर क्रमांक सात

महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी, साडेसातला,
अदलियात फरशांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये
आमची सिव्हिल इंजिनियरांची सोसायटी भरते.
मी मानद चिटणीस. म्हणजे खुर्च्या मोजणं,
समोशांची ऑर्डर, प्रोजेक्टरची वायर
आणि इतिवृत्त.

अकरा वर्षांची इतिवृत्तं माझ्या अक्षरात आहेत.
ऑगस्टच्या काँक्रीटमध्ये पाण्याऐवजी बर्फ किती, यावर दोन तास.
समुद्रात टाकलेला भराव किती खचतो, यावर डॉक्टर वगदी;
मुळीच खचत नाही, यावर भरावाचे कंत्राटदार.
वर्गणीच्या थकबाकीवर खजिनदार कुरियाकोस यांचा
दरवर्षीचा तोच विनोद.
शाळकरी पोरांची शेवयांच्या पुलांची स्पर्धा:
पहिला आलेला पूल साडेनऊ किलोला मोडला,
पोरगी रडली नाही,
तुकडे पिशवीत भरून घरी घेऊन गेली.

या मार्चात क्षेत्रभेट होती.
मुहर्रकमधली पाडायला काढलेली पाच मजली इमारत.
नोटिशीत नुसता प्लॉट नंबर.
बसमधून उतरलो
आणि जिन्याच्या कठड्यावरून ओळखलं.

मालक दुसरा, आर्किटेक्ट तिसरा,
पण सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये, रात्री दोन वाजता,
दुसरा स्लॅब ओतताना हातात पॅड घेऊन उभा होता
तो चोवीस वर्षांचा मुलगा मी होतो.
हे बसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

रोडेलनं ड्रिल लावलं. सात कोअर काढले.
सातवा दुसऱ्या मजल्याचा.
मधोमध फोडून त्यावर सिल्व्हर नायट्रेट फवारलं.
मीठ नसेल तर काँक्रीट तपकिरी पडतं.
हे पांढरं पडलं,
या काठापासून त्या काठापर्यंत.
सळईच्या जागी चिरोट्यासारखे गंजाचे पापुद्रे,
आणि शेजारी एक शंख,
तांदळाच्या दाण्याएवढा, अख्खा,
सदतीस वर्षं अंधारात बसलेला.

वगदी म्हणाले, न धुतलेली समुद्राची वाळू.
त्या काळी सगळेच वापरायचे.
सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मी शिरोड्याचा. दारासमोर मिठागरं.
बाबा म्हणायचे,
मीठ डोळ्यांक दिसाच्या आधी जिभेक कळता.
त्या रात्री मी ढिगातली चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली होती.
गोड्या पाण्याचा टँकर आला नव्हता,
पंपाचं भाडं तासावर होतं.
फोरमन म्हणाला, इथे हवासुद्धा खारट आहे, साहेब.
मी थुंकलो
आणि सही केली.

इतिवृत्तात यासाठी रकाना नाही.
उपस्थिती बावीस, आभार, अल्पोपाहार.
तीन रात्री कागद तसाच ठेवला.
मग कोअर क्रमांक सातपुढे लिहिलं:
वाळू धुतलेली नव्हती.
चिटणिसाने ती चाखली होती.

पुढच्या मंगळवारी मीच ते वाचून दाखवलं.
आवाज नेहमीचाच ठेवला.
एसी थोडा जास्त ऐकू आला.
कुरियाकोसनं विनोद केला नाही.
अध्यक्ष अल-हद्दार चष्मा पुसत विचारते झाले,
काही दुरुस्ती?
कुणाचीच नव्हती. इतिवृत्त कायम.

तेवढ्यात मागून रोडेलनं हात वर केला.
जन्म ब्याण्णवचा, सगळं मशीनवर शिकलेला.
सर, ती चव कशी असते?
म्हणजे, आम्हाला कळेल का?

मे महिन्याचा कार्यक्रम असा झाला:
बारा बशा, बारा खाणींची वाळू,
नावं बशांच्या तळाशी चिकटवलेली.
सूट घातलेले, दाढ्या पिकलेले, पुलांवर नावं कोरलेले
एकोणीस इंजिनियर
डोळे मिटून जीभ बाहेर काढून उभे,
आणि मी चमचा घेऊन रांगेपुढून फिरतोय.

समोसे त्या दिवशी उरले.