नको असल्यास

नोटीस चार भाषांत लावली होती भट्टीच्या दारावर.
मराठीत नव्हती. म्हणून आमच्या सात जणांना
मीच वाचून दाखवली, जेवणाच्या सुट्टीत,
एका हातात अर्धी पोळी धरून.

"पुढच्या महिन्यापासून पगारातले पाच टक्के
आपोआप बाजूला पडतील. तेवढेच कंपनी घालेल.
तुम्हाला काहीही करायचं नाही.
नको असल्यास सही करावी, एकवीस तारखेच्या आत."

काहीही करायचं नाही!
मुसद्दिक सावरटकर हसला, खोकला लागेपर्यंत.
बावीस वर्षं झाली त्याला रास अल खैमात,
फरशीच्या पांढऱ्या धुळीत भुवया पिकवून.
"इकडे यायला किती सह्या केल्या, बाय?
छातीचा फोटो, रक्ताची बाटली, दहाही बोटं.
रजेला सही, पासपोर्ट हातात पडला त्याची सही,
पडलाच नाही त्या वर्षीही सही.
आणि आता न केलेल्या सहीचे पैसे मिळणार?"

मग खिशातली पेन्सिल काढून
टवका उडालेल्या एका फरशीच्या पाठीवर
त्याने गणित मांडलं.
माझे सत्तर, त्यांचे सत्तर. महिन्याला एकशे चाळीस दिरहम.
मी एक्कावन्नचा, साठीला नऊ वर्षं.
पंधरा हजार एकशे वीस.
खाली दोन रेघा ओढल्या, शाळेत ओढतात तशा.

बावीस वर्षांपूर्वीच हे सुरू झालं असतं तर?
तो हिशेब मी केला नाही.
म्हणजे केला, पोळीबरोबर गिळला.

भिकाजी तेल्याची शंका वेगळी.
"साठ? आपला व्हिसा तर दोन वर्षांचा.
हा साठ वर्षांचा भिकाजी राहणार कुठे?"
मी संगणकात पाहून सांगितलं, वय विचारलंय,
ठिकाण विचारलेलं नाही.
इथे म्हातारं व्हायला जागा नसते, एवढं सगळ्यांना ठाऊक,
तरी त्या दुपारी
प्रत्येकजण आपापल्या म्हाताऱ्याला कुठेतरी बसवून बघत होता.
कुणी खेडच्या बाजारात, कुणी नव्या न्हाणीघराच्या पायरीवर.

रोशन मात्र ऑफिसात आला, एकटा, संध्याकाळच्या बसआधी.
तेवीस वर्षांचा. "मॅडम, नकोचा कागद द्या."
मी म्हटलं, अरे, कंपनीचेही जातील.
म्हणाला, "एजंटाचे अकरा हप्ते बाकी आहेत.
साठ वर्षांचा रोशन माझा कोण लागतो?
त्याने मला कधी काय पाठवलंय?"
याचं उत्तर पगारपत्रकावरच्या बाईकडे नव्हतं.
पेन दिलं.
त्याची सही किती सुंदर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

एकवीस तारखेला पेटी उघडली. नऊ कागद.
बाकी तीनशे चार जण
झोपलेले, विसरलेले, भट्टीवर असलेले,
"बघू नंतर" म्हणालेले,
सगळे एका रात्रीत बचत करणारे झाले.
यादी वाचता वाचता दोनशे बाराव्या ओळीवर
गावडे, सुनंदा. मीच.
सगळ्यांना समजावताना
मला स्वतःला विचारायचं राहून गेलं होतं.

आता वारसाचे रकाने भरायचे होते.
बायको, आई, मुलगा, एकाचा भाचा,
एकाने "मशीद" लिहिलं, ते परत पाठवलं.
मुसद्दिकच्या कागदावर त्याचंच नाव,
पुढे बारीक अक्षरात: मीच. साठ वर्षांचा.

संगणक ते घेत नाही.
स्वतःचं नाव टाकलं की चौकट लाल होते,
पुढचं पान उघडत नाही.
मी त्याला फोन लावला. भट्टीच्या आवाजात
त्याला फक्त "वारस" एवढंच ऐकू गेलं.
"लिहिलंय ना, बाय," तो ओरडला. "नीट बघ."

चौकट अजून लाल आहे.
मुदत गुरुवारपर्यंत.